लाज कोणाला वाटली पाहिजे?

ग्रामीण स्त्री स्तनाच्या कर्करोगाची तपासणी का करून घेत नाही, या प्रश्नाला सरकारी उत्तर ठरलेले आहे : ती अडाणी आहे, ती लाजते. उपायही त्याच मापाचा. ऑक्टोबर उजाडला की तालुक्याच्या गावी गुलाबी फिती लावून फेरी निघते, पुढाऱ्यांची भाषणे होतात आणि जागृती झाल्याचे जाहीर होते.

हे निदानच चुकीचे आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या गरीब वस्त्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांपैकी निम्म्या स्त्रियांची डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकंदर मृत्यूंतील घट निर्णायक ठरली नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. परंतु पन्नाशी उलटलेल्या स्त्रियांत ती सुमारे ३० टक्के होती. लाज त्या वस्त्यांतही होतीच. विश्वासातली बाई दारी आली, तेव्हा ती गळून पडली.

२०१६ साली केंद्र सरकारने तीस ते पासष्ट वयाच्या स्त्रियांच्या तपासणीचे धोरण आखले. पुढे काय झाले? २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर स्त्रियांमागे एकीचीही अशी तपासणी झालेली आढळली नाही. धोरण ज्या आशाताईच्या खांद्यावर आहे, तिला सरकार आजही कामगार न मानता 'स्वयंसेविका' म्हणते आणि मानधनावर राबवते.

आणि गाठ सापडली तर? जिल्ह्याच्या गावी जायचे म्हणजे मजुरी बुडते, भाडे पडते. पुढे मुंबईची वाट. उपचाराची हमी नसेल तर तपासणी म्हणजे गरिबाला मृत्यूची आगाऊ नोटीस देणे होय. बीड जिल्ह्यात ऊसतोड मजूर स्त्रियांची २०१९ साली पाहणी झाली, तेव्हा सुमारे ८२ हजारांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. त्यांच्यापर्यंत शस्त्रक्रियेची सुरी पोहोचली. तपासणीचा हात मात्र पोहोचत नाही. याला अज्ञान कोणाचे म्हणावे?

म्हणून कार्यकर्त्यांनी केवळ प्रचारफेऱ्यांत समाधान मानू नये. आशांना कामगाराचा दर्जा, तपासणीच्या दिवसाची भरपगारी सुट्टी, जिल्हा रुग्णालयात निदान व मोफत उपचार या मागण्या ग्रामसभेत ठराव करून लावून धराव्यात. ग्रामीण स्त्रीने लाजण्याचे कारण नाही. लाज राज्यकर्त्यांना वाटली पाहिजे.