पहाटेचा आकडाही सांगा

१४ एप्रिल १९५२ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत पारा ४२.२ अंश सेल्सिअसवर गेला होता. २२ जानेवारी १९६२ला तो तिथेच ७.४ अंशांपर्यंत उतरला. मुंबईच्या तापमानाची ही दोन टोकं. मार्च लागला की त्यातलं पहिलं टोक बातम्यांत फिरू लागतं आणि यंदा उच्चांक मोडणार का, याची चर्चा सुरू होते. मला या चर्चेची काळजी वाटते. मुंबईत माणसाला आडवं करणारा उकाडा त्या आकड्यात पुरता दिसतच नाही.

मुळात मुंबईचा उच्चांक मे महिन्यातला नाही, एप्रिलमधला आहे. एरवी सकाळी अकरा-बाराच्या सुमारास खारे वारे सुटतात आणि पाऱ्याला आवर घालतात. मार्च-एप्रिलमध्ये मात्र कधी कधी पूर्वेकडून जमिनीवरचे तापलेले, कोरडे वारे जोर धरतात आणि समुद्राचा वारा दुपार कलेपर्यंत आत शिरतच नाही. तेवढ्या दोन-तीन तासांत पारा चाळिशीला भिडतो. थंडीतले नीचांक असेच उत्तरेकडच्या कोरड्या, गार वाऱ्यांमुळे होतात. आणि तेही अख्ख्या शहराला सारखे नसतात. सांताक्रूझला ७.४ अंश होते, त्या दिवशी तीन बाजूंनी समुद्र असलेल्या कुलाब्याला ११.७ अंश होते. कुलाब्याचा उच्चांकही ४०.६ अंशांवरच थांबला आहे. (२६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कुलाब्याला शंभर मिलिमीटरही झाला नव्हता. या शहराचं हवामान एका आकड्यात सांगताच येत नाही.)

आता तापमानाचा हा आकडा येतो कुठून ते पाहा. मोकळ्या जागेत, गवतावर, साधारण सव्वा मीटर उंचीवर एक पांढरी लाकडी पेटी उभी असते. चारही बाजूंना झडपा, म्हणजे वारा खेळेल पण ऊन आत येणार नाही. दार उत्तरेला, म्हणजे उघडलं तरी सूर्यकिरण थेट तापमापकावर पडणार नाहीत. जगभर याच पद्धतीने मोजतात आणि तेच बरोबर आहे, नाहीतर दोन शहरांची, दोन वर्षांची तुलना होणार कशी? पण त्या पेटीइतकी सावली आणि तेवढा वारा मुंबईत किती जणांच्या वाट्याला येतो?

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक इस्त्रीवाले काका बसतात. डोक्यावर पत्रा, मागे सोसायटीची भिंत, समोर कोळशाची इस्त्री. दुपारी त्या पत्र्याखाली मिनिटभर उभं राहिलं तरी टाळू तापते. रात्री अकराला मी तिथून जाते तेव्हा शेजारच्या केबिनमधले वॉचमनदादा खुर्ची बाहेर, रस्त्यावर घेऊन बसलेले असतात, कारण आतला पंखा गरम हवाच फिरवत असतो. मागची भिंत हाताला तेव्हाही कोमट लागते.

ती रात्रच मला महत्त्वाची वाटते. पूर्वेच्या कोरड्या वाऱ्यात पारा चाळीसवर गेला तरी घाम वाळतो आणि अंगाला गारवा मिळतो. मे महिन्यात कमाल तापमान तेहतीस-चौतीसच असतं, पण हवेत एवढी आर्द्रता असते की घाम नुसता ओघळतो, सुकत नाही. मग शरीरातली उष्णता बाहेर पडणार कशी? दिवसभराचा ताण रात्री उतरायला हवा, तर किमान तापमानच सत्तावीस-अठ्ठावीसच्या आसपास असतं. तेही पहाटे, थोडाच वेळ, आणि पेटीत मोजलेलं. दहा बाय दहाच्या पत्र्याच्या खोलीत पाच माणसं झोपतात, तिथलं ते नव्हेच.

किनारपट्टीवर उष्णतेची लाट म्हणायची तर कमाल तापमान किमान ३७ अंश हवं आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त हवं. मे महिन्यातला घामट उकाडा या व्याख्येत क्वचितच बसतो. हवामान खातं 'उष्ण आणि दमट' असा वेगळा इशारा देतं, ही चांगली गोष्ट आहे. पण तो मथळ्यात येत नाही, म्हणून कुणी मनावर घेत नाही. १६ एप्रिल २०२३ला खारघरच्या उघड्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो माणसं भर उन्हात बसली होती. त्या दिवशीचं तापमान ३८ अंशांच्या आसपास होतं. कोणताही उच्चांक मोडला नाही. चौदा माणसं गेली.

अहमदाबादेत मे २०१० मध्ये पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले, असं नंतरच्या अभ्यासात दिसलं. त्या शहराने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला. आधी इशारा, दवाखान्यांची तयारी, पाण्याची सोय आणि पुढे वस्त्यांमधल्या छपरांना पांढरा रंग. यातलं काहीच आपल्याला न जमण्यासारखं नाही.

माझी मागणी साधी आहे. वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी कमाल तापमानाशेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, किमान तापमान आणि आर्द्रता द्यावी. एप्रिल-मेमध्ये दुपारचे उघड्यावरचे सोहळे सरकारने बंदच करावेत. आणि सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांनो, येत्या बैठकीत रंगरंगोटीच्या खर्चाआधी वॉचमनच्या केबिनचा विषय घ्या: पत्र्यावर पांढरा रंग, समोरासमोर दोन खिडक्या आणि पिण्याच्या गार पाण्याची सोय. मार्च लागायच्या आत करा.