आल्प्सचे घाट आणि पथकराची चिठ्ठी

‘वाटखर्ची’ हा आपल्या भाषेंतील जुना शब्द मोठा विचारी आहे. त्यांत वाट आधीं येते आणि खर्च मागून येतो. परदेशांतील डोंगराळ मुलुखांत मोटारीनें प्रवास करूं इच्छिणाऱ्या कुटुंबांकडून आमच्याकडे हल्लीं जीं पत्रें येतात, त्यांत मात्र हा क्रम बहुधा उलटा झालेला दिसतो. स्वित्झर्लंडमधील पथकराची चिठ्ठी कितीला पडते, ऑस्ट्रियाची निराळी घ्यावी लागते काय, ती टाळतां येईल काय, असे प्रश्न पहिल्याच ओळींत असतात. गाडींत आजी-आजोबा आहेत, लहान नातवंडें आहेत, हें पत्राच्या अखेरीस एखाद्या ओळींत कळतें. कोणता घाट कोणत्या महिन्यांत मोकळा असतो, याची विचारणा तर क्वचितच असते. म्हणून या महिन्यांत वाट आणि खर्च या दोहोंचा एकत्र विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम ही चिठ्ठी म्हणजे काय तें सांगूं. आपल्याकडील पद्धति सर्वांच्या परिचयाची आहे. हमरस्त्यावर ठिकठिकाणीं नाके असतात आणि प्रत्येक नाक्यावर कर द्यावा लागतो. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला, तेव्हांपासून हा कर परस्पर वळता होतो, एवढाच काय तो फरक. म्हणजे आपण रस्ता विकत घेतों. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया येथें द्रुतगति मार्गांवर बहुतेक ठिकाणीं नाकाच नसतो. तेथें विकत घ्यावयाचा असतो तो काळ. ठरावीक मुदतीची चिठ्ठी एकदां घेतली, कीं त्या मुदतींत त्या मार्गांवरून कितीही वेळां जावें-यावें. या चिठ्ठीला तिकडे ‘विन्येट’ म्हणतात. ती पुढील कांचेवर चिकटवावयाची असते, अथवा गाडीच्या क्रमांकावर संगणकांत नोंदवावयाची असते.

स्वित्झर्लंडनें ही पद्धति १९८५ सालीं सुरू केली. त्या वेळीं चिठ्ठीची किंमत ३० फ्रँक होती. १९९५ पासून ती ४० फ्रँक आहे. साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीस ती लागते. मुदत एकच, वर्षाची. परंतु ती आदल्या वर्षाच्या १ डिसेंबरला सुरू होऊन पुढील वर्षाच्या ३१ जानेवारीस संपते, म्हणजे प्रत्यक्षांत चौदा महिने चालते. जून महिन्यांत एका आठवड्यासाठीं गेलेल्या पाहुण्यासही पूर्ण रक्कम द्यावी लागते. वार्षिक चिठ्ठी १०० फ्रँकांची करावी आणि तिच्या जोडीला ४० फ्रँकांची दोन महिन्यांची चिठ्ठी काढावी, अशी योजना तेथें पुढें आली होती. पण २४ नोव्हेंबर २०१३ रोजीं झालेल्या लोकमतांत सुमारें साठ टक्के मतदारांनीं ती फेटाळली. चिठ्ठीवांचून द्रुतगति मार्गावर सांपडल्यास २०० फ्रँक दंड होतो आणि शिवाय चिठ्ठीही घ्यावी लागते. १ ऑगस्ट २०२३ पासून चिठ्ठीची नोंद गाडीच्या क्रमांकावर करण्याची सोयही झाली आहे.

ऑस्ट्रियाची पद्धति १९९७ सालची आहे आणि पाहुण्याच्या दृष्टीनें ती अधिक सोयीची आहे. तेथें वर्षाची, दोन महिन्यांची व दहा दिवसांची, अशा तीन चिठ्ठ्या असत. डिसेंबर २०२३ पासून एका दिवसाचीही मिळूं लागली, मात्र ती केवळ क्रमांकावर नोंदवूनच. जर्मनींत साध्या मोटारीस असा कर नाहीं. तेथील सरकारनें तो बसविण्याचा घाट घातला होता. पण परदेशी गाड्यांवरच त्याचा भार पडतो, या कारणास्तव युरोपीय न्यायालयानें १८ जून २०१९ रोजीं ती योजना बेकायदा ठरविली. इटलींत बहुतेक द्रुतगति मार्गांवर आपल्यासारखाच अंतराप्रमाणें कर असतो. प्रवेश करतांना तिकीट घ्यावें आणि बाहेर पडतांना पैसे भरावे.

आतां मुख्य मुद्दा. चिठ्ठी घेतली म्हणजे सर्व वाटा मोकळ्या झाल्या, अशी पुष्कळांची समजूत असते, ती खरी नव्हे. स्वित्झर्लंडमधील गोटहार्डचा सुमारें १७ किलोमीटरांचा बोगदा चिठ्ठींत येतो. परंतु इटलीकडे जाणारा ग्रेट सेंट बर्नार्डचा बोगदा येत नाहीं. ऑस्ट्रियांत आर्लबर्गच्या सुमारें १४ किलोमीटरांच्या बोगद्यास निराळा कर आहे. इन्सब्रुकहून ब्रेनरच्या खिंडीकडे जाणाऱ्या द्रुतगति मार्गाचीही तीच गोष्ट. आणि ज्या रस्त्याचीं चित्रें पाहून आपण या प्रवासाचा बेत करतों, तो ग्रोसग्लॉकनरचा उंच घाटरस्ता तर चिठ्ठीच्या कक्षेंत मुळींच येत नाहीं. त्याच्या तोंडाशीं नाका आहे व तेथें स्वतंत्र कर द्यावा लागतो. फ्रान्झ वालाक या अभियंत्यानें आंखलेला हा ४८ किलोमीटरांचा रस्ता, देशांत बेकारी माजली असतां, हजारों हातांना काम देऊन बांधला गेला आणि ३ ऑगस्ट १९३५ रोजीं खुला झाला. त्याला ३६ मोठीं वळणें आहेत.

याच्या उलट, फुर्का, ग्रिमझेल, सुस्टेन हे स्वित्झर्लंडमधील सुंदर घाट द्रुतगति मार्ग नसल्यामुळें तेथें चिठ्ठीची गरज नाहीं आणि निराळा करही नाहीं. इटलीतील स्टेल्व्हिओ घाट १८२५ सालीं पुरा झाला. २,७५७ मीटर उंचीच्या या घाटाच्या एकाच बाजूस ४८ नागमोडी वळणें आहेत. तेथेंही कर नाहीं. सांगण्याचें तात्पर्य हें, कीं चिठ्ठी आपल्याला डोंगरापर्यंत लौकर पोंचविते. डोंगर ओलांडण्याचा प्रश्न तिनें सुटत नाहीं. तेथें दुसराच हिशेब करावा लागतो.

तो हिशेब प्रथम ऋतूचा आहे. दोन हजार मीटरांवरील हे घाट सामान्यतः जूनपासून ऑक्टोबरपर्यंत मोकळे असतात. ग्रोसग्लॉकनर मे महिन्याच्या आरंभापासून नोव्हेंबरच्या आरंभापर्यंत, आणि तोही रात्रीं बंद असतो. आपल्या शाळांना सुटी एप्रिल-मे महिन्यांत असते. म्हणजे ज्या काळांत मुलांना घेऊन जाणें सोयीचें, त्याच काळांत यांपैकीं बरेच घाट बर्फाखालीं असतात. मे महिन्यांतच जावयाचें असेल, तर घाटांवर भिस्त ठेवून मुक्काम ठरवूं नयेत. बोगदे आणि खोरीं यांवरच बेत उभारावा आणि एखादा घाट मोकळा मिळाला तर तो लाभ समजावा.

दुसरा हिशेब वेळेचा. अँडरमाटहून निघून फुर्का, ग्रिमझेल व सुस्टेन हे तीन घाट चढून-उतरून परत येण्याची फेरी सुमारें १२० किलोमीटरांची आहे. नकाशाचें यंत्र ती सुमारें तीन तासांची म्हणून सांगेल. तें यंत्र खोटें बोलत नाहीं. परंतु चौथ्या वळणावर धाकट्याला गाडी लागते, सहाव्यावर आजोबांना पाय मोकळे करावेसे वाटतात, आणि हिमनदी दिसली कीं सर्वांनाच उतरावयाचें असतें, हें त्याला ठाऊक नसतें. या फेरीस आख्खा दिवस द्यावा. यंत्रास ‘पथकर टाळ’ असें सांगण्याचा मोहही आवरावा. तें चाळीस फ्रँक वांचवील आणि लुसर्नहून इन्सब्रुककडे निघालेल्या कुटुंबास गांवागांवांतून फिरवून त्याच्या दिवसांतील दोन-तीन तास खाईल. सातजणांच्या कुटुंबांत ते चाळीस फ्रँक वांटून पाहिले, तर माणशीं सहा फ्रँकही होत नाहींत.

तिसरा हिशेब सर्वांत नाजूक, आणि तो कोणत्याही यंत्रांत नाहीं. आपल्या कळसूबाईचें शिखर १,६४६ मीटर उंच आहे. ग्रोसग्लॉकनरच्या पायथ्याचें ब्रुक हें गांव साडेसातशें मीटरांच्या आसपास आहे, आणि रस्ता हॉखटोर येथें २,५०४ मीटरांवर जातो. म्हणजे न्याहारी आणि दुपारचें जेवण यांच्या दरम्यान मोटार जितकी उंची चढते, तीच कळसूबाईच्या शिखरापेक्षां अधिक आहे. तरुणास याची गंमत वाटते. ज्यांना हृदयाचा अथवा श्वासाचा विकार आहे, त्यांनीं आपल्या वैद्यास विचारल्यावांचून हा चढ पत्करूं नये.

परंतु येथें एकत्र कुटुंबांत एक निराळीच अडचण असते. मुलगा बेत सांगतो, सून चित्रें दाखविते, आणि वडील माणसें म्हणतात, ‘आमचें काय, तुम्ही न्याल तिकडे येऊं.’ हा पुष्कळदां होकार नसतो, संकोच असतो. आपल्यामुळें मुलांचा बेत मोडूं नये, एवढ्याचसाठीं त्या माउल्या छातींतली धडधड लपवितात आणि वळणावर डोळे मिटून बसतात. त्यांना ‘चालेल ना?’ असें विचारूं नये. त्या प्रश्नास ‘चालेल’ याखेरीज उत्तरच नसतें. उंची किती, वळणें किती, मध्यें उतरावयास जागा कोठें, हें सर्व सांगून दोन वाटा त्यांच्यापुढें ठेवाव्या आणि मग विचारावें. दोहोंतून एक निवडतांना संकोच राहात नाहीं.

आणि दुसरी वाट असते. फुर्का घाटाच्या पोटांतून १९८२ पासून १५.४ किलोमीटरांचा आगगाडीचा बोगदा आहे. रेआल्पपासून ओबरवाल्डपर्यंत मोटारही आगगाडीवर चढवून नेतां येते. नाहीं तर वडील माणसांनीं एखाद्या सोबत्यासह आगगाडीनें बोगद्यांतून ओबरवाल्डला उतरावें, तरुणांनीं मोटारीनें घाट चढावा, आणि दुपारीं सर्वांनीं एकत्र जेवावें. घाट चुकला म्हणून प्रवास चुकला, असें मुळींच नाहीं.

कांहीं व्यावहारिक गोष्टी थोडक्यांत सांगतों. स्वित्झर्लंडमध्यें भाड्यानें घेतलेल्या गाडीस त्या देशाची चिठ्ठी बहुधा असते, परंतु ऑस्ट्रियाची असेलच असें नाहीं. जर्मनींत घेतलेल्या गाडीस बहुधा दोन्ही नसतात. गाडी ताब्यांत घेतांनाच हें विचारावें आणि ती शेजारच्या देशांत नेण्याची परवानगी लेखी घ्यावी. क्रमांकावर नोंदवावयाची चिठ्ठी गाडीचा क्रमांक हातीं आल्याशिवाय घेतां येत नाहीं, आणि क्रमांकांतील एक अक्षर चुकलें तरी ती निरुपयोगी ठरते. म्हणून एकानें वाचावा व दुसऱ्यानें ताडून पाहावा. ती सरकारी ठिकाणाहूनच घ्यावी. मध्यस्थ अधिक पैसे घेतात. चिकटवावयाची चिठ्ठी खिशांत अथवा कांचेखालीं नुसती ठेवून चालत नाहीं. ती कांचेस प्रत्यक्ष चिकटलेली असली तरच ग्राह्य. आपल्या परवान्याच्या जोडीला येथील प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्यावा; तो एक वर्ष चालतो. रस्त्याची उजवी बाजू धरावयाची असते, हें चालकाच्या शेजारी बसणाऱ्यानेंही ध्यानांत ठेवावें. स्वित्झर्लंडमध्यें दिवसाही दिवे लावणें सक्तीचें आहे. घाटांत टपालाची पिवळी मोटार त्रिस्वरी शिंग वाजवीत येते. तिला वाट द्यावी आणि तिच्या चालकाची खूण पाळावी. उतरणीवर पायाच्या ब्रेकवरच विसंबूं नये. गाडी खालच्या गिअरमध्यें ठेवून उतरावें.

आतां चिठ्ठी टाळण्याच्या प्रश्नाचें उत्तर द्यावयाचें राहिलें. द्रुतगति मार्ग मुळींच न वापरतां जाणें हें न्याय्य आहे. ज्यांना वेळ आहे त्यांनीं तसें अवश्य करावें. परंतु मार्ग वापरावा आणि नाका नाहीं म्हणून कर बुडवावा, हें आम्हांला मान्य नाहीं. तपासणीचे कॅमेरे आणि पोलीस तेथें आहेतच; तथापि आमचें म्हणणें त्यांच्या धाकावर आधारलेलें नाहीं. ज्या रस्त्यावर कोणी हात आडवा करीत नाहीं, त्या रस्त्याचा कर देण्यांत मनुष्याच्या सभ्यतेची खरी परीक्षा असते, आणि गाडीच्या मागच्या आसनावर बसलेलीं मुलें ती परीक्षा बारकाईनें पाहात असतात.

म्हणून निघण्यापूर्वीं एके दिवशीं सायंकाळीं सर्वांनीं एकत्र बसावें आणि एका कागदावर तीन रकाने आंखावे. पहिल्यांत त्या दिवसाची वाट आणि तिची सर्वांत अधिक उंची, दुसऱ्यांत ती वाट कोणाला झेपेल व कोणाला झेपणार नाहीं, तिसऱ्यांत कर. पहिले दोन रकाने मनापासून भरले, तर तिसरा आपोआप भरतो आणि त्यांतील आंकडा पाहून कोणी दचकत नाहीं. दुसरा रकाना मात्र घरांतील सर्वांत वडील माणसाच्या हातांत लेखणी देऊन भरून घ्यावा, अशी आमची सूचना आहे.