रोकड की रोखे?

अल्प खर्चाच्या इंडेक्स फंडात दरमहा ठराविक रक्कम घालण्याची रीत आता सुशिक्षित मध्यमवर्गीय घरांत रूढ होऊ लागली आहे. हे सुचिन्हच होय. परंतु समभागांत जे घालावयाचे ते घातल्यावर उरलेली पुंजी रोकड म्हणून बचत खात्यात व अल्प मुदतीच्या ठेवीत ठेवावी, की कर्जरोख्यांत गुंतवावी, याचा विचार फारसे कोणी करीत नाही. ‘दीड-दोन टक्के अधिक कोठे मिळतात?’ एवढीच चौकशी होते. आमच्या मते चूक होते ती येथेच.

ही पुंजी असते तरी कशासाठी? जानेवारी २०२० मध्ये निफ्टी निर्देशांक बारा हजारांवर होता. २३ मार्च रोजी तो ७,६१० वर आला. नोव्हेंबरात त्याने जुनी पातळी पुन्हा गाठली हे खरे. पण मधल्या काळात ज्यांचे पगार कापले गेले, ज्यांच्या घरात आजार शिरला, त्यांस नोव्हेंबरपर्यंत थांबण्याची सवड कोठली? ज्यांनी काही रक्कम वेगळी राखली होती, त्यांच्यावरच पडत्या भावाने युनिटे विकण्याची पाळी आली नाही. तेव्हा या पैशाचे पहिले कर्तव्य वाढणे हे नसून, हवा त्या दिवशी पुरता हाती येणे हे आहे.

रोखे हे कर्तव्य पार पाडतात काय? शाळेतल्या गणिताने पाहू. सात टक्के व्याजाचा, दहा वर्षे मुदत उरलेला शंभर रुपयांचा रोखा आपणापाशी आहे. उद्या बाजारातील दर आठ टक्के झाला, तर तो शंभराला कोणी घेणार नाही. सुमारे ९३ रुपयांसच विकावा लागेल. मुदत एकच वर्ष उरली असेल, तर मात्र ९९ रुपये मिळतील. २०२२ साली अमेरिकेत मध्यवर्ती बँकेने शून्यालगतचा व्याजदर चार टक्क्यांवर नेला, तेव्हा समभाग सुमारे १८ टक्के आणि त्यांचा आधार समजले जाणारे रोखेही सुमारे १३ टक्के घसरले. शिवाय रोखा कोणाचा, हाही प्रश्न असतोच. एप्रिल २०२० मध्ये फ्रँकलिन टेंपलटनच्या सहा कर्जरोखे योजना बंद झाल्या. गुंतवणूकदारांस पैसे पुढे मिळाले, पण हप्त्याहप्त्याने. आणि गरज काही हप्त्यांनी येत नाही.

मग सर्व रोकडच ठेवावी काय? तसेही नव्हे. महागाई दरसाल सहा टक्के धरली, तर निव्वळ पडून राहिलेल्या शंभर रुपयांची खरेदीशक्ती बारा वर्षांत निम्मी होते. बँकेतील रोकडही सर्वस्वी निर्धोक नसते. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा प्रारंभी खातेदारांस केवळ हजार रुपये काढण्याची मुभा होती. जन्माची बचत एकाच ठिकाणी ठेवलेल्या मुंबईकरांचे हाल या शहराने पाहिले आहेत. त्यानंतर फेब्रुवारी २०२० मध्ये ठेवविम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर नेण्यात आली. तथापि ती मर्यादाच आहे, याचा विसर पडू नये.

यातून निघणारा मार्ग साधा आहे. वर्षभराचा घरखर्च व नजीकच्या काळातील ठरलेली देणी यांपुरती रोकड असावी, आणि ती एकाच बँकेत नसावी. मुलीचे शिक्षण, घराची दुरुस्ती, निवृत्तीची पहिली काही वर्षे अशा तीन-पाच वर्षांनी येणाऱ्या खर्चांसाठी त्याच सुमारास मुदत संपणारे सरकारी रोखे घ्यावेत. नोव्हेंबर २०२१ पासून सामान्य नागरिकांस ते थेट रिझर्व्ह बँकेच्या योजनेतून घेता येतात. मुदतीपर्यंत रोखा जवळ ठेवणाऱ्यास मधल्या चढउतारांची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. त्याहून दूरचा पैसा इंडेक्स फंडात निश्चिंतपणे राहू द्यावा.

मात्र हा हिशेब मांडताना प्रत्येक गृहस्थाने आधी खर्चाची तारीख लिहावी आणि व्याजाचा दर मागाहून विचारावा.