‘कुणाकडून आला?’ हा प्रश्न आधी बंद करा

बाईच्या अंगावरून पांढरे जायला लागले, लघवीच्या जागी फोड आला, आग होऊ लागली, की तिला पहिला प्रश्न ‘कधीपासून?’ असा विचारला जात नाही. ‘कुणाकडून आला?’ असा विचारला जातो. सासू विचारते, नवरा विचारतो, पुष्कळदा केसपेपर लिहिणारेही विचारतात. तोंडाने विचारले नाही तर नजरेने विचारतात. जोडीदारालाही औषध द्यायचे म्हणून डॉक्टरने चौकशी करणे वेगळे. हा प्रश्न त्यासाठी नसतो. तो पंचायतीचा प्रश्न आहे, आणि जोवर तो पहिला राहील तोवर आपल्या बाया ही दुखणी अंगावरच काढत राहतील.

मी गेली पंधरा वर्षे वस्त्यांमधल्या मंडळांत आणि गावांतल्या बचतगटांत आरोग्याच्या बैठका घेते आहे. अंगात रक्त कमी असणे, पाळी, बाळंतपण यांवर बाया मोकळेपणी बोलतात. लैंगिक संबंधांतून होणाऱ्या संसर्गाचे नाव काढले, की बहुतेक वेळा कार्यकर्तीच मला बाजूला घेऊन म्हणते, “ताई, आपल्या बाया घरंदाज आहेत. हा विषय त्या बायांचा.” हा लेख या एका वाक्याविरुद्ध आहे. ‘त्या बाया’ आणि ‘आपल्या बाया’ अशी वाटणी जंतू करत नाहीत. ती आपण करतो, आणि तिची किंमत आपल्याच बाया मोजतात.

पुरावा आपल्याच महाराष्ट्रातला आहे. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी किंवा लैंगिक रोगांपैकी एक तरी रोग होता. दर स्त्रीमागे सरासरी ३.६ रोग. त्यातले निम्मे जननमार्गाच्या संसर्गाचे. आणि याआधी कधी तपासणी व उपचार झालेल्या किती? फक्त ८ टक्के! या साध्या, खेड्यातल्या, संसारी बाया होत्या. ‘घरंदाज’ हा शब्द औषधासारखा वापरून रोग बरा होत असता, तर हे आकडे असे निघालेच नसते.

आता रोगांकडे वळू, कारण अर्धी भीती नावे न कळल्याने असते. सगळे पांढरे जाणे म्हणजे रोग नव्हे. पाळीच्या मधल्या दिवसांत पातळ, पारदर्शक स्राव जाणे हे निरोगी शरीराचे काम आहे. दह्यासारखा घट्ट स्राव आणि खाज असेल तर बहुधा बुरशीचा संसर्ग असतो. माशासारखा वास येत असेल तर योनीतल्या जंतूंचा समतोल बिघडलेला असतो. या दोन्हींना लैंगिक रोग म्हणत नाहीत. पिवळसर-हिरवा, फेसाळ स्राव आणि आग हे ट्रायकोमोनासचे लक्षण असू शकते. तो संबंधांतून पसरतो, साध्या गोळ्यांनी बरा होतो, पण नवऱ्यानेही गोळ्या घेतल्या तरच. त्याने घेतल्या नाहीत तर तो पुन्हा पुन्हा येतो, आणि ‘हिचे दुखणे जातच नाही’ असा शिक्का बाईवर बसतो.

परमा म्हणजे गनोरिया, आणि क्लॅमिडिया, हे दोन संसर्ग बाईच्या शरीरात पुष्कळदा काहीच खूण न दाखवता राहतात. वेळेवर औषध मिळाले नाही तर ते गर्भनलिकांपर्यंत चढतात, नलिका बंद होतात, मूल राहत नाही. मग जिला औषध मिळाले नाही तिलाच वांझ म्हणून घराबाहेर काढले जाते. गरमी म्हणजे सिफिलिस. तिची पहिली जखम दुखत नाही आणि आपोआप भरते, म्हणून बाईला वाटते बरे झाले. रोग मात्र रक्तात राहतो आणि गरोदरपणी पोटातल्या बाळाचा जीव घेऊ शकतो. रक्ताच्या तपासणीत तो कळतो, पेनिसिलिनच्या इंजेक्शनने बरा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार या चार बऱ्या होणाऱ्या रोगांचे २०२० या एका वर्षात जगभर ३७ कोटी ४० लाख नवे संसर्ग झाले. आणि आपल्याकडे? २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न विधिमंडळात गाजला. त्यांतल्या अनेकींची मूळ तक्रार पांढरे जाणे आणि ओटीपोटात दुखणे हीच होती. आधी नीट तपासून औषध द्यायचे, ते सोडून पिशवीच कापायची, हा कुठला न्याय?

या सगळ्यांत हर्पिस वेगळा आहे, आणि ‘कुणाकडून’ या प्रश्नाचा फोलपणा तोच सर्वांत चांगला दाखवतो. हर्पिसचे विषाणू दोन प्रकारचे. पहिला प्रकार मुख्यतः तोंडाला होतो. तापानंतर ओठाच्या कडेला पाण्याचे फोड येतात ते याचेच. तो बहुतेकांना लहानपणीच, घरातल्यांच्या मुक्यातून लागतो. दुसरा प्रकार मुख्यतः जननेंद्रियांना होतो. पण मुखमैथुनातून पहिला प्रकारही खाली लागू शकतो. बारीक, झुबक्याने येणारे फोड, ते फुटून होणाऱ्या दुखऱ्या जखमा, पहिल्या वेळी ताप आणि जांघेत गाठी, ही त्याची लक्षणे. जखमा भरतात, पण विषाणू जात नाही. तो कमरेकडच्या मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसतो आणि आजारपण, ताण, पाळी अशा वेळी कधीकधी पुन्हा वर येतो. बहुतेकांना तर आपल्याला तो आहे हेच ठाऊक नसते, कारण फोड येतच नाहीत किंवा लक्षात येण्याइतके येत नाहीत. फोड नसतानाही तो दुसऱ्याला लागू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली दिलेल्या अंदाजानुसार जगात १५ ते ४९ वयाच्या ८४ कोटी ६० लाख माणसांना जननेंद्रियांचा हर्पिस आहे. म्हणजे पाचातल्या एकाहून जास्त. आणि शरीररचनेमुळे तो बाईला पुरुषापेक्षा सहज लागतो.

यातून काय निघते ते नीट लक्षात घ्या. लग्नाला दहा वर्षे झालेल्या बाईला आज पहिल्यांदा फोड आले, म्हणजे तिने काल कुठेतरी ‘शेण खाल्ले’ असे मुळीच नाही. संसर्ग जुना असू शकतो. नवऱ्याला कधीच फोड आले नाहीत, म्हणून तो ‘स्वच्छ’ आहे असेही नाही. रक्ताच्या तपासणीत विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्ये दिसतात. तो कधी आला, कुणाकडून आला, हे दिसत नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळा देऊ शकत नाही, त्याचे उत्तर सासूबाई बाईच्या तोंडाकडे बघून देतात.

शब्दांचा घोळही कमी नाही. आपल्याकडे नागीण म्हणतात ती हर्पिस झॉस्टर. ती कांजिण्यांच्या विषाणूमुळे होते, अंगाच्या एका बाजूला पट्ट्यासारखी उठते, आणि तिचा लैंगिक संबंधांशी काही संबंध नाही. एकाच घराण्यातले हे दोन वेगळे विषाणू. दोघांनाही ‘हर्पिस’ म्हटल्याने नागीण झालेल्या म्हाताऱ्या बाईकडेही लोक संशयाने बघतात, आणि हर्पिस झालेली तरुणी मंत्र टाकणाऱ्याकडे जाऊन बसते. औषध आहे: असायक्लोव्हिर. ते १९८० च्या दशकापासून वापरात आहे. ते विषाणू मुळापासून काढत नाही, पण लवकर सुरू केले तर जखमा लवकर भरतात, दुखणे कमी होते; वरचेवर उठत असेल तर रोज घेऊन उठणे आटोक्यात ठेवता येते. निरोधाने धोका कमी होतो, पूर्ण टळत नाही. फोड असताना संबंध टाळणेच बरे. हर्पिसने कर्करोग होत नाही. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग होतो तो एचपीव्ही या दुसऱ्याच विषाणूमुळे, आणि त्यावर लस आहे. मात्र जननेंद्रियांच्या हर्पिसमुळे एचआयव्ही लागण्याचा धोका वाढतो, म्हणून तो थट्टेवारी नेण्यासारखाही नाही.

गरोदर बाईला सर्वांत जास्त घाबरवले जाते. जिला हर्पिस आधीपासून आहे, तिच्या बाळाला तो होण्याचा धोका फार थोडा असतो, कारण आईची प्रतिद्रव्ये बाळाला मिळालेली असतात. खरा धोका आहे तो शेवटच्या महिन्यांत नव्याने संसर्ग झाला तर. म्हणून डॉक्टरला सांगायला हवे. कळा सुरू होताना फोड असतील तर सिझेरियन करून बाळाला वाचवता येते. पण सांगणार कोण? ‘कुणाकडून आला?’ ऐकावे लागेल म्हणून बाई गप्प राहते. तेव्हा हा प्रश्न नुसता अपमानाचा नाही, जिवाचाही आहे.

हा प्रश्न कायद्यातही बसला आहे. ब्रिटिशांनी १८६८ साली भारतात सांसर्गिक रोगांचा कायदा केला. गोऱ्या सैनिकांना रोग होऊ नये म्हणून वेश्यांची नोंदणी, सक्तीची तपासणी, रोग आढळला तर ‘लॉक हॉस्पिटल’मध्ये कोंडणे. सैनिकांवर अशी सक्ती नव्हती. इंग्लंडातल्या तशाच कायद्याविरुद्ध जोसेफिन बटलर यांच्यासारख्या स्त्रिया लढल्या. तिकडे तो १८८६ साली आणि इथे १८८८ साली रद्द झाला. पण वृत्ती रद्द झाली नाही. हिंदू विवाह कायद्याच्या १३ व्या कलमात संसर्गजन्य गुप्तरोग हे आजही घटस्फोटाचे कारण आहे. त्याच कलमातला कुष्ठरोग २०१९ साली वगळला गेला, कारण तो बरा होतो आणि त्याच्या नावाने माणसाला टाकणे अन्याय्य आहे हे पटले. मग हे कारण का राहावे? स्वतःच्या गैरकृत्याचा फायदा कोणाला घेता येत नाही, असे तोच कायदा सांगतो. पण ज्या रोगाचा उगमच सिद्ध होत नाही, तिथे बाईने ते गैरकृत्य सिद्ध करायचे कसे?

काही मैत्रिणी विचारतील, मग नवऱ्याला मोकळे सोडायचे का? मुळीच नाही. पण त्याला जाब विचारायचा तो सिद्ध न होणाऱ्या गोष्टीचा नव्हे, डोळ्यांसमोर घडणाऱ्या गोष्टींचा. तो दवाखान्यात येत नाही. निरोध वापरत नाही. बायकोला फोड असताना जबरदस्ती करतो. आपले औषध लपून घेतो आणि तिला सांगत नाही. यांतल्या एकाही गोष्टीला प्रयोगशाळेचा दाखला लागत नाही. ‘कुणाकडून’ हा प्रश्न खरे तर नवऱ्यालाच वाचवतो, कारण त्याच्या धुरळ्यात ‘तू उपचार का घेत नाहीस?’ हा प्रश्न हरवून जातो.

ज्यांना आपण ‘त्या बाया’ म्हणतो त्यांनी हे कधीच ओळखले. सांगलीत ‘संग्राम’च्या कामातून १९९० च्या दशकात धंद्यातल्या स्त्रिया एकत्र आल्या, स्वतः निरोध वाटू लागल्या, १९९६ साली त्यांनी ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी केली. निरोधाशिवाय गिऱ्हाईक नाही, असे संघटितपणे म्हणण्याची ताकद त्यांनी मिळवली. घरंदाज बाईला ती ताकद तिच्या मंगळसूत्राने दिलेली नाही. शिकायचे असेल तर तिथे जाऊन शिकावे लागेल.

म्हणून संघटनांना माझे सांगणे आहे. आरोग्याच्या प्रत्येक शिबिरात या रोगांची नावे मराठीत, मोठ्याने घ्या. ‘गुप्तरोग’ हा शब्द टाकून द्या. गुप्त ठेवल्याने आजवर एकही रोग बरा झालेला नाही. जिल्हा रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असते, तिथे मोफत उपचार मिळतात. बाईबरोबर तिथे जा, आणि पडदा नसेल, चार लोकांत विचारपूस होत असेल, तर तिथेच भांडा. एकट्या बाईला औषध देऊन घरी पाठवू नका, जोडीदाराच्या उपचारांचा आग्रह धरा. मात्र नवऱ्याला सांगायचे कधी आणि कसे, हे तिलाच ठरवू द्या. मार खाणार ती आहे. आणि विवाह कायद्यातले ते कारण काढून टाकण्याची मागणी आपल्या ठरावांत येऊ द्या.

एवढे सगळे एका दिवसात होणार नाही. पण पुढच्या बैठकीत कोणी बाई हळू आवाजात आपले दुखणे सांगू लागली, तर ‘कधीपासून होतंय?’ एवढेच विचारणे आजही आपल्या हातात आहे.