जुन्या शस्त्रांचा भाव आणि आपला हिशेब

महागाईची चर्चा आपल्याकडे धान्य, तेल आणि घरभाडे यांच्याभोवती फिरते, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु जिचा उपयोग संपून शतके लोटली अशा वस्तूचा भाव चढत राहावा, ही गोष्टही अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने तपासून पाहावी अशी आहे. इंग्लंडमधील एका घराच्या माळ्यावर सापडलेली, टिपू सुलतानाच्या शस्त्रागारातील चकमकीची बंदूक मार्च २०१९ मध्ये लिलावात ६० हजार पौंडांना गेली. टिपूच्या शयनगृहातील म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तलवारीला मे २०२३ मध्ये लंडनच्या बॉनहॅम्स या लिलावगृहात १ कोटी ४० लाख पौंडांहून अधिक किंमत आली. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच सुलतानाच्या पिस्तुलांची एक जोडी सदबीज या संस्थेच्या लिलावात सुमारे ११ लाख पौंडांना विकली गेली.

हा सारा धनिकांचा शौक आहे असे म्हणून सामान्य वाचकाने पान उलटले असते तर त्यास दोष देता आला नसता. तथापि २९ एप्रिल २०२५ रोजी महाराष्ट्र शासन स्वतःच या बाजारात ग्राहक म्हणून उतरले. नागपूरकर रघूजी भोसले यांची तलवार शासनाने लंडनच्या लिलावातून मध्यस्थामार्फत ४७ लाख १५ हजार रुपयांस मिळविली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईस आली. ही रक्कम राज्याच्या अंदाजपत्रकात नगण्य आहे आणि तलवार परत आल्याचा आनंदही खोटा नाही. परंतु सार्वजनिक तिजोरीतून पैसा गेला की तो कशासाठी गेला हे विचारण्याचा अधिकार करदात्यास प्राप्त होतो.

किंमत कशाची?

जुन्या शस्त्राची किंमत त्यातील लोखंडाची नसते, चांदीसोन्याचीही फारशी नसते. पुरवठा वाढविता येत नाही, हे तिचे पहिले कारण. अठराव्या शतकातील बंदूक आज कोणत्याही कारखान्यात निर्माण होणार नाही. उलट १८५७ च्या उठावानंतरची निःशस्त्रीकरणाची मोहीम आणि १८७८ चा शस्त्रास्त्र कायदा यांमुळे असंख्य शस्त्रे जप्त झाली, मोडली गेली. दुसरे कारण मागणीचे. जगात धनिक संग्राहकांची संख्या वाढली, आणि मर्यादित वस्तूंमागे अधिक पैसा लागला की भाव चढणारच.

परंतु या दोन कारणांनी सारा उलगडा होत नाही. टिपूच्या बंदुकीस जो भाव येतो तो त्याच काळातील, तितक्याच कुशल कारागिराने घडविलेल्या एखाद्या अनामिक बंदुकीस का येत नाही? येथे तिसरे आणि माझ्या मते निर्णायक कारण पुढे येते, ते म्हणजे नोंद. मे १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर कंपनीच्या फौजेने लुटीच्या वाटपासाठी समिती नेमली. कोणत्या अधिकाऱ्याच्या वाट्याला काय आले याचे कागद राहिले, आणि त्या अधिकाऱ्यांच्या वारसांनी शस्त्रांबरोबर ते कागदही जपले. रघूजींच्या तलवारीवर त्यांचे नाव देवनागरीत कोरलेले आहे, म्हणूनच ती ओळखू आली. ते नाव नसते तर ती यादीतील एक जुनी तलवार एवढीच उरली असती.

हा बाजार डोळे मिटून वर चढतो, असाही समज नको. ऑक्टोबर २०२३ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात टिपूची म्हणून मांडलेली दुसरी एक तलवार अपेक्षित बोलीअभावी न विकताच राहिली. शिवाय प्रत्येक वस्तू एकमेवाद्वितीय असल्याने येथे तांदळाच्या भावासारखा निर्देशांक काढता येत नाही. गुंतवणूक म्हणून या वस्तूंकडे पाहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवणे बरे.

नेपाळचा धडा

नोंद नसलेल्या मालाचे काय होते हे पाहण्यासाठी शेजारी डोकावावे. काठमांडूच्या लगन सिलेखान्यात एकोणिसाव्या शतकातील हजारो बंदुका धूळ खात पडून होत्या. त्यांत कंपनीच्या काळातील ठासणीच्या बंदुका होत्या आणि मार्टिनी-हेन्री जातीच्या रायफलीही. २००३ मध्ये दोन अमेरिकी व्यापाऱ्यांनी हा शेकडो टनांचा साठा ठोक विकत घेतला. त्यांनी तो स्वच्छ केला, जातवार लावला, प्रत्येकीचे वर्णन लिहिले आणि मग त्या बंदुका एकेक करून संग्राहकांना विकल्या. बंदुका त्याच होत्या. भर पडली ती वर्गीकरणाची आणि माहितीची. ते काम विक्रेत्याने आधी केले असते तर त्याचा मोबदला नेपाळात राहिला असता, आणि कदाचित विक्रीच टळली असती.

घरातील बंदूक, घराबाहेरचा भाव

आपल्याकडील स्थिती याहून फार वेगळी नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्यान्वये शंभर वर्षांपूर्वीची अशी वस्तू खासगी व्यक्तीस परदेशी पाठविता येत नाही. हे योग्यच आहे. १९५९ चा शस्त्रास्त्र कायदा दुरुस्त करूनही न उडणाऱ्या कालबाह्य शस्त्रास सूट देतो; परंतु बंदूक त्या व्याख्येत बसते की नाही हे ठरविण्याच्या खटाटोपात पडण्याचे धैर्य सामान्य कुटुंबाला होत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीने बाळगावयाच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि वारसाहक्काने आलेली बंदूकही तीत धरली. परिणामी आजोबांची बंदूक ही वारसास ठेव न वाटता डोकेदुखी वाटू लागते. ती ठाण्यात जमा होते, गंजते किंवा गुपचूप हातोहात जाते. घरी जिला ग्राहक नाही आणि बाहेर जिला लाखांचा भाव आहे, अशी वस्तू चोरवाटेने सीमा ओलांडू पाहणारच. हा माणसाच्या लोभाइतकाच भावातील तफावतीचाही परिणाम आहे.

बाजारभाव म्हणजे मूल्य नव्हे, हे सांगणारे उदाहरण मुंबईकराच्या स्मरणात असेल. ईशापूरच्या कारखान्यात तयार झालेल्या रायफली अमेरिकेतील हौशी संग्राहक आज आवडीने जमवितात. परंतु २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ घेऊन आलेल्या हल्लेखोरांसमोर आपल्या काही पोलिसांच्या हाती त्याच कुळातील .३०३ रायफल होती. १९०७ च्या आराखड्याची ही रायफल एकाच्या भिंतीची शोभा ठरली, तर दुसऱ्याच्या जिवाशी आलेला तुटपुंजा आधार. जुने शस्त्र केव्हा सेवेतून काढावे आणि काढल्यावर त्याचे काय करावे, या दोन्ही प्रश्नांकडे आपण सारखेच दुर्लक्ष केले आहे.

काय करावे?

परदेशी लिलावात शासनाने कधीच बोली लावू नये असे माझे म्हणणे नाही. मात्र ग्राहक उतावीळ आहे असे विक्रेत्यास कळले की भाव वाढतो, हे भाजीबाजारात जाणाऱ्या गृहिणीसही ठाऊक असते. म्हणून आधी कायदेशीर उपाय पाहावा. २०२५ मध्ये पिप्रावा येथील प्राचीन रत्नांचा हाँगकाँगमधील लिलाव केंद्र शासनाच्या नोटिशीने लांबणीवर पडला आणि पुढे ती रत्ने खासगी उद्योगसमूहाच्या साह्याने मायदेशी आली. बोली लावणे अटळच असेल तर कमाल मर्यादा तज्ज्ञांनी आधी ठरवावी आणि ती गुप्त ठेवावी.

खरे काम मात्र घरचे आहे. किल्ल्यांवरील तोफा, संस्थानिकांचे शस्त्रसाठे, पोलीस ठाण्यांतील जुना मुद्देमाल आणि खासगी घरांतील बंदुका यांची जिल्हावार नोंद झाली पाहिजे. छायाचित्र, मापे, वजन, कोरलेली अक्षरे आणि वस्तू कोणाकडून आली याची हकीकत, एवढे टिपून घेण्यास लाखो पौंड लागत नाहीत. महाविद्यालयांतील इतिहासाचे विद्यार्थी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली हे काम करू शकतील. जो नोंद करावयास येईल त्यास गुन्हेगारासारखी वागणूक मिळणार नाही, अशी स्पष्ट हमी ठरावीक मुदतीपुरती द्यावी. आणि ज्यास वस्तू विकावयाची आहे त्याच्याकडून शासनाने रास्त किमतीस ती येथेच विकत घ्यावी.

नायगाव-वसईच्या या परिसराला हे सांगावयास नको. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसई जिंकली. तेथील पोर्तुगीज घंटा पुढे भीमाशंकर, मेणवली अशा ठिकाणी देवळांत लागल्या. त्या कोठून आल्या हे तेथील पुजारीही सांगतो, कारण त्या सर्वांच्या नजरेसमोर राहिल्या. त्याच मोहिमेत लढलेल्या असंख्य साध्या बंदुकांचा मात्र आज कोणासही पत्ता नाही. त्यांपैकी एखादी उद्या लंडनच्या यादीत झळकली तर ती आपली आहे हे सिद्ध करण्यासाठी आपल्या हाती एक ओळही असणार नाही. पुढील अंदाजपत्रकात लिलावासाठी तरतूद करण्यापूर्वी या नोंदवहीसाठी तरतूद व्हावी, एवढीच मागणी आहे.