फुंकणी कुणाच्या हातात? चुलीचा धूर आणि आपली चळवळ

परभणीहून कोणत्याही रस्त्याने बाहेर पडा. जिंतूरकडे जा, गंगाखेडकडे जा, पाथरीकडे जा. धाब्यांवर एक पाटी हमखास दिसते: ‘चुलीवरचं मटण, चुलीवरची भाकरी’. गाड्या थांबतात, फोटो निघतात, ‘गावाकडची चव’ म्हणून पोस्ट पडतात. त्या चुलीपुढे फुंकणी घेऊन कोण बसलेलं असतं, हे फोटोत येत नाही.

त्याच रस्त्यापासून दोन किलोमीटर आत, वस्तीवर, तीच चूल आमची आई पहाटे पाच वाजता पेटवते. तिच्यासाठी ती चव नाही. ती मजबुरी आहे. जे चूल सोडून गेले त्यांना चुलीची आठवण गोड लागते. जे सोडू शकले नाहीत त्यांच्या डोळ्यांत पाणी असतं आणि छातीत खोकला असतो. ज्यांनी आयुष्यात कधी फुंकणी फुंकली नाही त्यांनी आम्हाला चुलीचं कौतुक सांगू नये.

धूर म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ

लाकूड नीट पेटलं तर धूर कमी होतो. ओलं असेल, हवा कमी मिळाली, चूल कोंबून भरली की ते अर्धवट जळतं आणि धूर होतो. त्या धुरात डोळ्यांना न दिसणारे बारीक कण असतात, ते थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. धुराने कायमचा दम लागतो, लहान मुलांना न्यूमोनिया होतो, मोतीबिंदूचा धोका वाढतो, गरोदर बाईच्या बाळाचं वजन कमी भरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातल्या हवेच्या प्रदूषणाने, म्हणजे मुख्यतः लाकूड, गोवऱ्या, कोळसा, रॉकेल जाळल्याने, जगभरात सुमारे ३२ लाख माणसं मेली. त्यात पाच वर्षांखालची २ लाख ३७ हजारांहून अधिक मुलं होती.

हा आकडा कुठल्या दंगलीचा असता तर आपण मोर्चा काढला असता. चुलीपुढे माणूस हळूहळू मरतं, म्हणून बातमी होत नाही.

‘गॅस दिला की!’

१ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली. जोडणी बाईच्या नावावर मिळाली, हे चांगलं झालं. आम्ही ते नाकारत नाही. पण जोडणी म्हणजे जाळ नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत, म्हणजे उज्ज्वला सुरू होऊन तीन वर्षं उलटल्यावरही, देशातल्या फक्त ५८.६ टक्के घरांत स्वच्छ इंधनावर स्वयंपाक होत होता. उरलेली ४१ टक्के घरं कुणाची, हे वस्तीतल्या पोराला सांगावं लागत नाही.

पालम तालुक्यातल्या एका वस्तीवर आम्ही गेलो होतो. घरात लाल सिलिंडर होता, त्यावर जुनी साडी टाकलेली आणि साडीवर देवघरासारखी मांडणी: बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो. चूल मात्र बाहेर पेटलेली. आम्ही शहाणपणाने विचारलं, “मावशी, गॅस असताना चूल का?” मावशी म्हणाल्या, “बाबा, गॅसला पैसे लागतात. सरपणाला नुसते पाय लागतात.”

आम्ही गप्प बसलो. निंदणीचे तीन-चार रोज मोडले तेव्हा एक टाकी भरते. सबसिडी खात्यावर नंतर येते, पैसे आधी मोजावे लागतात. २०२४ मध्ये राज्य सरकारने अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन टाक्या मोफत जाहीर केल्या. तीन टाक्यांत पाच-सहा माणसांचं घर किती महिने शिजवेल? बाकीचे महिने पोट बंद ठेवायचं का?

सरपण हा जमिनीचा प्रश्न आहे

मावशींचे ‘नुसते पाय’ कुणाच्या रानात जातात ते बघा. आपल्याकडे शेत नाही, म्हणून पऱ्हाट्या नाहीत, तुराट्या नाहीत. जनावर नाही, म्हणून गोवऱ्या नाहीत. उरतो गायरानाचा तुकडा आणि दुसऱ्याचा बांध. कापूस संपला की मालकाच्या रानातली पऱ्हाटी उपटायला जायचं आणि तीच मोळी घरी आणायची, हा मराठवाड्याचा जुना व्यवहार. आता श्रेडर आणि रोटाव्हेटर आले. बोंडअळीसाठी पऱ्हाटी लवकर काढून कुट्टी करणं शेतीच्या दृष्टीने बरोबरच आहे. पण त्या कुट्टीत कुणाचं सरपण गेलं, याचा हिशेब कुणी मांडला नाही.

आणि गावात ताण झाला की पहिला हुकूम निघतो, “आमच्या रानात पाय ठेवायचा नाही.” म्हणजे मजुरी बंद, वाट बंद, सरपण बंद. १९२८ साली मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीवर बाबासाहेब सदस्य होते. १९३० च्या तिच्या अहवालात सामाजिक बहिष्काराचं हेच रूप नोंदवलं आहे: वाटा अडवणं, वाण्याने सामान न देणं. जवळपास शंभर वर्षं होत आली. ज्याची चूल दुसऱ्याच्या बांधावर अवलंबून आहे त्याचा आवाजही त्याच बांधावर अडतो. दादासाहेब गायकवाडांचे भूमिहीनांचे सत्याग्रह आपण जमिनीसाठी म्हणून आठवतो. ते चुलीसाठीही होते.

सुधारित चूल का मोडली?

१९८० च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. ‘निर्धूर चूल’ हा शब्द आपल्या आजीला माहीत आहे. दोन भांड्यांची मातीची चूल, मागे धुराडं. कल्पना योग्य होती. पण काम उद्दिष्टाचं झालं: अमुक चुली बसवा, आकडा भरा, निघा. धुराडं कसं साफ करायचं हे सांगायला पुन्हा कुणी आलं नाही. काजळी साचली, चिरा पडल्या, धूर पुन्हा घरात. २००२ मध्ये केंद्राने तो कार्यक्रम गुंडाळला आणि ठपका कुणावर? ‘बायकांना वापरता येत नाही.’

रस्ता खचला की आपण ठेकेदाराला धरतो. चूल बिघडली की बाईला धरायचं, हा कुठला न्याय?

मग चूल दुरुस्त करायची की सोडायची?

आमच्यातलेच काही मित्र म्हणतील, “चूल नीट करायला शिकवणं म्हणजे गरिबीशी तडजोड. मागणी गॅसची, विजेची करा.” मागणी तीच आहे आणि तीच राहील. पण मागणी मान्य होईपर्यंत आईने श्वास घेणं थांबवायचं का? चवदार तळ्याचं पाणी मागताना कुणी तहानेने मरा म्हटलं नव्हतं. म्हणून दोन्ही हातांनी लढू. एका हातात निवेदन, दुसऱ्या हातात थापी. पुढचं वाचा आणि या आठवड्यात स्वतःच्या घरात करा.

बसवताना. चूल तुराट्यांच्या कुडाला, गवताच्या छपराला, सरपणाच्या ढिगाला लागून नको. खाली आणि मागे माती-विटांचा जाड थर हवा. धुराडं चार इंची, सरळ उभं, वळणं कमीत कमी. ते छपराच्या सर्वांत उंच भागाच्या दोन फूट वर न्या. नाहीतर वारा धूर परत आत ढकलतो. वर पावसासाठी टोपी बसवा. जुना ॲस्बेस्टॉसचा पाइप कापू नका, त्याची धूळ फुप्फुसात कायमची बसते. पाइप छपरातून जातो तिथे गवत किंवा लाकडी वासा त्याला टेकता कामा नये. वीतभर जागा मोकळी सोडून पत्र्याची चौकट करा. धुराडं असलं तरी समोरासमोर दार-खिडकी हवी. गॅसची शेगडी आणि पेटती चूल एका खोलीत अजिबात नको.

जाळताना. सरपण चैत्र-वैशाखातच वाळवून, जमिनीपासून उंच, पत्र्याखाली रचा. आषाढात ओली मोळी जाळणं म्हणजे धूरच जाळणं. बाभळीचा ओंडका फोडून मनगटाएवढे तुकडे करा. खाली लोखंडी जाळी ठेवा, हवा खालून येऊ द्या. चूल कोंबू नका. भांड्यावर झाकण ठेवा, डाळ भिजवून घाला. तेवढं सरपण वाचतं. दोन भांड्यांच्या चुलीत एकच भांडं असेल तर दुसरं तोंड झाका. आणि पेटवायला टायरचा तुकडा, प्लॅस्टिकची पिशवी, रॉकेलची धार? बंद म्हणजे बंद. टायर-प्लॅस्टिकचा धूर विषारी असतो आणि रॉकेलचा भडका क्षणात पदर धरतो. नायलॉनची साडी अंगाला चिकटून जळते. चुलीपुढे सुती कपडा, पदर खोचलेला.

भाजलंच तर वीस मिनिटं वाहतं साधं पाणी. हळद, टूथपेस्ट, शाई काही नको. मग दवाखाना.

राखताना. राख रोज काढा, पण निखारा विझल्याची खात्री करून. उकिरड्यावर फेकलेल्या गरम राखेने गंज्या पेटल्या आहेत. धुराडं महिन्यातून एकदा, चूल थंड असताना, बांबूला चिंधी बांधून झाडा. साचलेली काजळी स्वतः पेट घेते. पाइपातून घरघर आवाज आला तर चुलीचं तोंड पत्र्याने झाका, मुलांना बाहेर काढा, तापलेल्या पाइपात पाणी ओतू नका. चिरा माती, शेण, भुसा कालवून बुजवा. चीर कुठे आहे ते कळायला चुलीत थोडा ओला पाला टाका. धूर जिथून निघेल तिथे लिंपा.

आणि एक. बाळंतिणीच्या बंद खोलीत निखाऱ्याची शेगडी, बाळाला धुरी, थंडीत दार लावून उशाशी निखारे: हे थांबवा. निखाऱ्याला धूर दिसत नाही, पण कार्बन मोनॉक्साइड तिथेच असतो. झोपलेलं माणूस उठत नाही. ‘पूर्वीपासून करतात’ हे उत्तर आपण जातीच्या बाबतीत मान्य केलं नाही, मग इथे का करायचं?

कोपीतली चूल

दिवाळी झाली की गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूरच्या वस्त्या रिकाम्या होतात. माणसं ऊसतोडीला जातात. गॅस गावात कुलूपबंद आणि तिकडे कोपीच्या तोंडाशी तीन दगड. बाजूला पाचट, आत झोपलेलं लेकरू. एका ठिणगीचं अंतर. उज्ज्वलाच्या दुसऱ्या टप्प्यात, २०२१ पासून, स्थलांतरित कुटुंबाला पत्त्यासाठी स्वयंघोषणापत्र चालतं आणि पाच किलोची छोटी टाकी घेता येते. हे किती मुकादमांनी सांगितलं? किती कार्यकर्त्यांनी सांगितलं? तोवर तीन दगड कोपीपासून दहा पावलं दूर, वाऱ्याची दिशा बघून मांडा आणि पाण्याची घागर भरलेली ठेवा.

आता आपला नंबर

सरकारला बोललो, गावाला बोललो. आता स्वतःला बोलू. रमाईंनी गोवऱ्या थापून संसार ओढला हे आपण ७ फेब्रुवारीला गहिवरून सांगतो. त्यांच्या नावाच्या आवास योजनेतलं घरकुल २६९ चौरस फुटांचं. आम्ही बसलो त्या घरकुलांत स्लॅबला धूर जायला भोकही नव्हतं. चूल दाराबाहेर, पत्र्याच्या आडोशाला. रमाईंच्या नावाच्या घरात रमाईंच्याच लेकी धुरात, आणि आपण बिल निघालं म्हणून खूश!

बाबासाहेबांनी १९४२ च्या नागपूरच्या महिला परिषदेत समाजाची प्रगती बायकांच्या प्रगतीवरून मोजायला सांगितली. ते वाक्य आपण पोस्टरवर छापतो, पोस्टर लावून घरी येतो आणि चुलीपुढे बसलेल्या आईला म्हणतो, “भाकर झाली का?” फुंकणी अजून तिच्याच हातात आहे. मनुस्मृती जाळणाऱ्यांच्या घरात चुलीचं काम मनूच्याच नियमाने वाटलेलं असेल तर जळलं काय?

म्हणून येत्या १४ एप्रिलच्या वर्गणीतून डीजेचे एका रात्रीचे पैसे बाजूला काढा आणि वस्तीतल्या प्रत्येक चुलीला धुराडं लावा. पोरांनी स्वतः माती कालवावी. महिन्याचा एक रविवार धुराडी झाडण्याचा ठरवा. ग्रामसभेत ठराव मांडा: ग्रामपंचायतीच्या मागासवर्गीयांसाठीच्या १५ टक्के निधीतून धुराडी आणि सरपणाचे पत्र्याचे आडोसे, घरकुलाच्या नकाशात धूर बाहेर जायची वाट, गरीब घराला वर्षभर पुरेल इतका परवडणारा गॅस, आणि गायरान कसणाऱ्याच्या नावावर. ठराव इतिवृत्तात लिहून घ्या, नक्कल मागा.

आईचा खोकला हा घरगुती प्रश्न नाही. जमीन, मजुरी, घर आणि पुरुषपणा, सगळं त्या खोकल्यात आहे. तो ऐकू येत नसेल तर आपल्या घोषणांचा आवाज जरा जास्त झाला आहे.

उद्या पहाटे पाचला उठा. फुंकणी तिच्या हातातून घ्या. मग बोलू क्रांतीचं.

जय भीम!