झोप लागली, की गुंगी आली?

घरात कुणाचं डायलिसिस सुरू झालं की जाण्या-येण्याची सोय, पथ्याचा डबा, औषधांच्या वेळा हे सगळं बहुतेक घरांत बाईच्याच वाट्याला येतं. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांतून गरिबांना मोफत डायलिसिस मिळू लागलं, ही मोठीच गोष्ट. पण मशीनवरचे चार तास सोडले, तर बाकी सगळा वेळ पेशंट आपल्याच हवाली असतो. त्याबद्दल आपल्याला कोण सांगतं?

दुखण्याचंच बघा. या पेशंटना सांधेदुखी, पायात गोळे येणं नेहमीचंच. मग कुणीतरी जोरदार गोळी आणून देतं. ट्रामाडॉल, मॉर्फिन ही अफूच्या जातीची औषधं. शरीरात त्यांच्यापासून तयार होणारे घटक लघवीवाटे बाहेर पडतात. मूत्रपिंडच थकलेलं असेल तर ते साचत जातात. पेशंट गुंगतो, बरळतो, श्वास मंदावतो. आणि आपण म्हणतो, बरं झालं बाई, डोळा लागला! काही औषधं डायलिसिसमध्ये धुतली जातात, काही नाही. म्हणून गोळी कोणती, किती, मशीनच्या आधी की नंतर, हे किडनीच्या डॉक्टरांनीच ठरवायला हवं.

हृदयाचंही तसंच. दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि मशीनवर भराभर उतरतं. दोन्हींमुळे ठोक्यांची लय बिघडू शकते. त्यात मेथाडोनसारखं वेदनाशामक किंवा उलटीवरची काही औषधं भर घालतात. आणि पेशंटला भेटायला जाताना आपण नेतो काय? शहाळं! त्यात पोटॅशियम भरपूर. लग्नकार्यासाठी एखादं डायलिसिस चुकवणं तर फारच धोक्याचं.

याचा अर्थ दुखणं सोसावं, असा मुळीच नाही. बायका तर तोंडातून ब्र न काढता सोसतात. ते थांबायलाच हवं. डॉक्टरांना दुखणं स्पष्ट सांगा. पण मनाने गोळी सुरू करू नका आणि चालू असलेली एकदम बंदही करू नका.

माझं म्हणणं एवढंच, की प्रत्येक डायलिसिस केंद्राने पेशंटच्या सगळ्या औषधांचा एक कागद मराठीत लिहून द्यावा. मैत्रिणींनो, तो मिळेपर्यंत आपणच वहीत लिहून ठेवू या आणि दाताच्या डॉक्टरांपासून औषधाच्या दुकानापर्यंत सगळीकडे दाखवू या. पेशंट हाक मारूनही नीट जागा होत नसेल, छातीत धडधडत असेल, हातापायांतलं बळ गेलं असेल, तर पुढच्या डायलिसिसची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा.